प्लास्टिकचे पाणकावळे

दि. ८ नोव्हेंबर

ती. अक्कास,

धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून तू मनातल्या मनात माझा कान पिरगळला असशील. डावा कान दुखतोय, त्यावरून ओळखलं. कारखान्यात दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो तेच कळत नाही. 'कारखाना' म्हटलं की तू हसतेस, तेही मला माहीत आहे. दोन यंत्रं, चार माणसं आणि वर पत्रा. पण डब्यांची झाकणं पोत्यात भरून दारोदार हिंडलेल्या माणसाला हाही राजवाडाच.

नवी गंमत सांगतो. बादल्या, टब आणि झाकणं यांच्या जोडीला आम्ही आता पाखरं काढतो. एक गिऱ्हाईक आलं होतं. डोक्यावरची टोपी झोपेतही काढत नसावा, म्हणून पोरांनी त्याचं नाव टोपीवाला ठेवलंय. त्याला मोठमोठ्या हॉटेलांच्या शोभेच्या तळ्यांत तरंगत ठेवायला बदकं हवी होती. ती पसंत पडल्यावर म्हणाला, आता काळे पाणकावळेही काढा. शोभेच्या तळ्यात पाणकावळा कोण ठेवतं, असं मी विचारलं, तर म्हणे, बदकांना सोबत. मला हसू आलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय शिजतंय ते विचारू नये, फक्त माल वेळेवर द्यावा, हा आपला धडा.

साचा मी स्वतः बसून केला. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचो तेव्हा भावोजी होडीत बसवून दाखवायचे ना, पाणकावळा बसतो कसा? अंग पाण्यात बुडालेलं, मान तेवढी वर आणि चोच किंचित आभाळाकडे. अगदी तसाच उतरलाय, पहिली खेप गेल्या महिन्यात रवानाही झाली. यंत्रावरचा कारागीर म्हणतो, मालक, हे आत्ता बुडी मारेल. भावोजींना सांग, त्यांची शाळा फुकट गेली नाही.

लोभ आहेच. जास्त झाला तर पाठवून दे, इथे ठेवायला जागा करतो.

तुझा,
धाकटा


दि. १० नोव्हेंबर

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही. पत्र नाही म्हणजे काम जोरात आहे, अशी मी माझी समजूत घालते. आता ती समजूतही धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखी झाली. असो. तुझी बायको, पोरं बरी असतील.

इथलं काय लिहू? तळं तेच आणि माणसंही तीच, पण कशाचा कशाला मेळ लागेना. गेली काही वर्षं थंडी पडली की पलीकडच्या काठावर बंदूकवाले येतात. पाहुणी बदकं मारतात आणि हाताला चाळा म्हणून पाणकावळेही टिपतात. आपल्या काठावरून कुणी हूं की चूं केलं नाही. उलट सगळे खूश. पाणकावळा म्हणजे मासेचोर, तो गेला की आपला मासा वाढेल, असं जो तो म्हणायचा. मीही म्हटलंय. तर पाणकावळे गेले. मासा वाढायचा राहिला बाजूला, होता तोही दिसेना.

तुला माहीतच आहे, हे मासा पाण्यात शोधत नाहीत. पाखरं कुठे बसलीत, कुठे बुड्या मारतात ते बघून होडी वळवतात आणि मागच्या सगळ्या होड्या यांच्या मागे वळतात. म्हणून तर अख्खा काठ यांना 'दुर्बीण' म्हणतो. पाखरंच उरली नाहीत, तेव्हा दुर्बिणीने बघायचं काय? कुणी मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आणली. धक्क्यावर मासा निवडायला मी बसते ना, तर टोपलीत नखाएवढी पिल्लं येतात. ती ना विकायची, ना खायची. कोंबड्यांपुढे टाकायची झालं.

आणि आता बर्फवाला. पूर्वी गाड्यावरून लाद्या आणायचा, आता लाद्यांखाली दगडाच्या खाणीतल्या सुरुंगाच्या कांड्या आणतो. कांडी पेटवून पाण्यात टाकली की आत धडाका होतो आणि मासा पांढरं पोट वर करून तरंगतो. जितका तरंगतो त्याहून जास्त तळाशी जातो, तो कुणाच्याच तोंडात पडत नाही. हाती येतो त्याचा कणा मोडलेला आणि मांसाचा लगदा झालेला. बर्फातसुद्धा संध्याकाळपर्यंत धड राहत नाही. तरी लोक जातात. रिकाम्या हाताने घरी यायला नको, एवढंच.

गेल्या आठवड्यातली गोष्ट लिहायला हात धजत नाही. पहाटे धुक्यात यांना पाणकावळ्यांचा मोठा थवा दिसला. किती दिवसांनी! यांनी हात वर केला, सगळ्या होड्या वळल्या, गोल जाळं पडलं. ओढलं तर जाळ्यात प्लास्टिकची पाखरं! एकेक दोरीने दगडाला बांधलेलं. आभाळातली पाखरं फसून खाली उतरावीत म्हणून बंदूकवाल्यांनी ती रात्रीच सोडून ठेवली होती. दगडांना अडकून जाळं फाटलं ते वेगळंच. काठावर असा हशा पिकला म्हणतोस! बर्फवाला म्हणाला की दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी लागली. त्या दिवसापासून यांच्या मागे एकही होडी येत नाही.

आता तोच बर्फवाला रोज ओट्यावर येऊन बसतो. कांडीला डोळे लागत नाहीत, आमच्या होडीत चला, म्हणतो. हे हो म्हणत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. मला त्या नाही न म्हणण्याचीच धास्ती वाटते. त्या कांडीने न्हाव्याच्या भावाचा पंजा गेला. पण खरं सांगू, मला यांच्या हाताइतकीच यांच्या मनाची काळजी वाटते. हा माणूस तळ्यावर कांडी टाकून घरी आला, तर तो मला ओळखू येईल का?

त्यातलं एक पाखरू मी फळीवर ठेवलंय. मान अशी तोलून धरलीय मेल्याने की वाटतं, आत्ता बुडी मारेल. तू प्लास्टिकच्या धंद्यातला. असली पाखरं कुठला गाढव काढतो त्याचा पत्ता शोधून काढ. त्याला मला दोन शब्द लिहायचे आहेत.

माया कमी होऊ देऊ नकोस. पत्रं तर आधीच कमी झालीत.

तुझी,
अक्का


दि. १७ नोव्हेंबर

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं मिळालं असेल, म्हणजे तुला पत्ता मिळालाच. तो गाढव तुला अक्का म्हणतो.

दोन दिवस मी अर्ध्या ताटावरून उठलो. हिने विचारलं, पोटात दुखतंय का? हो म्हणालो. मग टोपीवाल्याला गाठलं. अक्का, मला माझ्या कानांचा केवढा गर्व! माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज तूप लावल्यासारखा होतो, हे मी झाकणं विकताना शिकलो. शोभेची तळी म्हणताना त्याचा आवाज तसाच झाला होता. मला तो ऐकू आला होता. पण ऑर्डर मोठी असली की कान हलके होतात.

आता त्याने काही लपवलं नाही. पूर्वी बदकं आपणहून उतरायची, आता पाखरू इतकं कमी झालंय की पाण्यावर आधीच कुणी बसलेलं दिसल्याशिवाय एकही खाली येत नाही, म्हणाला. पाणकावळे निवांत बसलेले दिसले की बदकांना भरवसा वाटतो. म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट माल लागेल. म्हणजे बघ, खरी पाखरं जितकी कमी होतील तितकी माझी वाढतील. असा धंदा कुणाला नको? मी तिथे मान हलवत उभा होतो आणि आपण कशाला मान हलवतोय तेच मला कळेना.

साचा मोडावा म्हणतो. मग वाटतं, मी मोडला तर पलीकडच्या गल्लीतला काढील, आणि तोही वाकड्या मानेचा. मग वाटतं, वाकड्या मानेचा निघाला तर बरंच, निदान भावोजी फसणार नाहीत. मग वाटतं, हा काय विचार झाला? माझ्या चार माणसांना काय सांगू? तू मला नेहमी सल्ला देतेस आणि मी तो ऐकत नाही. या वेळी ऐकेन म्हणतो, तर तूच गोंधळलेली.

भावोजींना सांगू नकोस. नको, सांगच. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर वाईट. तुला योग्य वाटेल तसं कर, म्हणजे मला वाटतं तसं कर, फक्त मला काय वाटतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिव्या भरपूर घाल, पण माझं नातं फळीवरच्या त्या पाखरापेक्षा वर असू दे.

तुझा,
धाकटा


दि. २८ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं यांना मोठ्याने वाचून दाखवली. मला वाटलं भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. फळीवरचं पाखरू काढलं, दिव्याशी नेऊन चहूबाजूंनी फिरवलं आणि म्हणाले की मान बरोबर आहे, पोराने नीट बघितलं होतं. मग जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, मी बर्फवाल्याच्या होडीत जाणार.

मी खूप भांडले रे. पण भांडता भांडता असं झालं की मी यांची बाजू मांडत होते आणि हे माझी. मी म्हटलं, पाखरांनी मासा खाल्ला म्हणून तर ही पाळी आली ना! तर म्हणाले, पाखरं होती तेव्हाच मासा होता. इतकी वर्षं आम्ही त्यांना चोर म्हणत त्यांच्याच मागे मागे फिरत होतो. मी म्हटलं, मग एवढं कळतंय तर कांडी कशाला? तर म्हणाले, आता कशाच्या मागे फिरू, ते तू सांग. बारीक जाळीने पिल्लं संपली म्हणावं, तर ती जाळी मासा संपायला लागल्यावर आली. कांडीने संपला म्हणावं, तर कांडी जाळी रिकामी यायला लागल्यावर आली. कुठलंही टोक धरून ओढलं की दुसरीकडे गाठ घट्ट होते. जाळी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण असला गुंता पाहिला नाही.

त्या लबाडाने यांना गळाला कसं लावलंय बघ. तुम्ही कांडीला हातही लावू नका म्हणाला, होडीच्या टोकाला बसा आणि कुठे टाकायची तेवढी जागा दाखवा. म्हणजे डोळे लागत नाहीत म्हणणाऱ्याला डोळे हवेतच. यांना त्यात मान वाटला. किती दिवसांनी कुणीतरी यांना जागा विचारली! जागा दाखवणं म्हणजे टाकणं नव्हे, असं मला सांगतात. मी म्हटलं, चोराला घर दाखवणारा काय देव्हाऱ्यात बसतो?

बर्फवाल्याची माणसं पुढच्या पंधरवड्यात निघणार आहेत, धुकं दाट असतं म्हणून. धडाका झाला तरी लांबून कुणाला होडी दिसत नाही. तू यांना लिही. मी बायको, माझं बोलणं म्हणजे रोजचं कढीतलं पाणी. तुझं ऐकतील. पाखरं काढलीस म्हणून रागावले असतील असं समजू नकोस. तुझ्या साच्याची तारीफ धक्क्यावर चारचौघांत करत होते. आता त्याला राग म्हणायचा की काय, देव जाणे.

तुझ्या मायेवर भार टाकतेय, सांभाळून घे.

तुझी,
अक्का


दि. ४ डिसेंबर

ती. भावोजींस,

सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. कसं लिहितात ते ठाऊक नाही. अक्काला लिहिताना निदान कान पिरगळला जाईल याची खात्री असते.

तुम्हाला शहाणपण शिकवायला मी कोण? तुम्ही मला पाणकावळा दाखवलात आणि मी त्याचा माल केला. त्याच मालाने तुमचं हसं झालं. माझ्यामुळे पाय घसरलेल्या माणसाला, सांभाळून चाला, असं मीच सांगायचं म्हणजे कमाल झाली. तरीही लिहितो, कारण अक्काने सांगितलंय आणि तिला नाही म्हणायची माझी टाप नाही.

मी एवढंच विचारतो. होडीच्या टोकाला बसून तुम्ही बोट दाखवाल, तेव्हा बघाल कुठे? पाखरंच बघाल ना? दुसरीकडे बघायची तुम्हाला सवयच नाही. मग जिथे शेवटची चार पाखरं आणि शेवटचा मासा असेल, नेमकी तीच जागा तुम्ही त्यांना द्याल. ते आंधळेपणाने टाकतात तेव्हा निदान चुकतात तरी. तुम्ही चुकणार नाही. मला भीती वाटते ती त्याचीच.

हे लिहिताना मला फार पटलं होतं, आता वाचून बघतो तर वाटतं, ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला हे काय पटणार! मी टोपीवाल्याचा पुढचा माल थांबवलाय. साचा मोडलेला नाही, बाजूला ठेवलाय. मोडू की ठेवू, ते तुम्ही सांगा. इकडे येऊन राहणार असाल तर घर तुमचंच आहे. पण तुम्हाला पत्र्याखाली बादल्या मोजत बसवायचं, या विचारानेच मला कसंसं होतं. म्हणून या म्हणतो, आणि येऊ नका असंही म्हणतो.

राग धरा, पण मला धरून धरा.

आपला,
खटपट्या


दि. १५ डिसेंबर

चि. खटपट्यास,

अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे गेले आणि परतही आले. सगळं सांगते. मी होडीत नव्हते, हे मी बर्फवाल्याच्याच तोंडून ऐकलंय. तो तर आमच्या ओट्यासमोरच उभा राहून ओरडत होता.

धुकं असं की वल्ह्याचं टोक दिसेना. बरंच आत गेल्यावर लांब पाण्यावर काळे ठिपके दिसले. पाणकावळे! अख्खा थवाच. बर्फवाल्याने कांडी हातात घेतली, काडेपेटी काढली आणि यांना विचारलं, मारू का? तर हे नुसते हसले. म्हणाले, मारा की, आमच्या मेहुण्याचा माल आहे, पुन्हा काढून देईल. सगळे खो खो हसले आणि होडी वळवली. मग दिवसभर इकडेतिकडे हिंडून कांड्या तशाच परत आल्या. हाती शेपूटही लागलं नाही.

बर्फवाला चिडलाय तो त्या बंदूकवाल्यांवर आणि तुझ्यावर. यांच्यावर नाही. उलट धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटलाय की एवढ्या धुक्यात, एवढ्या लांबून, खोटं पाखरू ओळखणारा माणूस आपल्याकडे दुसरा नाही. भिंगाला बुरशी म्हणणारा हाच! पूर्वी यांच्या मागे होड्या आणणारे जाळीवाले काल येऊन गेले, पुन्हा पुढे चला म्हणाले. हे त्यांच्याबरोबर जाणार आहेत. कांडीच्या होडीला नाही म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

तेव्हा आनंद मान. मी मानतेय. पण एक कळत नाही. एवढी गेलेली अब्रू परत आली, तर माणसाने जरा तरी फुलावं? हे भिंतीकडे तोंड करून बसतात. तुझं पत्र उशाखाली ठेवतात. वाचताना मी आले की घडी घालतात. त्यात तू असं काय लिहिलंस?

खुशाली कळव आणि आम्हाला विसरून दाखवच बघू.

तुझी,
अक्का


दि. १६ डिसेंबर

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. तुझ्या अक्काने पत्र टाकायला दिलं होतं. ते टाकलं आणि हे शेजारच्या दुकानात बसून लिहितोय. हे तिला दाखवायचं नाही. मला लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ लिहितो.

ते पाणकावळे खरे होते.

धुक्यातून दिसले तेव्हा मलाही सांगता येईना. खोटे असतील म्हणून मी वाट बघत राहिलो. एकदा फसलेला माणूस. बर्फवाला काडेपेटी शोधत होता, बाकीचे होडीतलं पाणी उपसत होते. तेवढ्यात कडेच्या एकाने बुडी मारली. मग दुसऱ्याने. मी तेवढंच बघितलं. खाली मासा होता, भरपूर होता. किती दिवसांनी बघत होतो. आणि कांडी पाण्यात फुटली असती तर बुडी मारलेलं एकही वर आलं नसतं.

तुझं पत्र खिशात होतं. पण त्यामुळे तसं बोललो की काय, ते मला सांगता येत नाही. थवा बघून माझा हात आपोआप वर जायला लागला होता, सवयीने. तो मी दुसऱ्या हाताने खाली धरला. मग त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून ते निघालं. मी विचार करून बोललो नाही. आणि लोकांना ते पटलं कशामुळे, तर मागे माझी फजिती झाली होती म्हणून. ती झाली नसती तर माझा शब्द कुणी घेतला नसता, कारण खोटी पाखरं असतात हेच कुणाला माहीत नव्हतं.

तू साच्याचं विचारलंस. मी विचार करतोय. तुझी पाखरं तळ्यावर आहेत तोवर कुणालाच खात्री नाही, आणि मला तेवढी सबब राहते. पण ती तिथे खऱ्यांना मारायलाच ठेवलेली असतात. मोड म्हणायला जातो तर हे आडवं येतं, ठेव म्हणायला जातो तर ते. तूच ठरव. तू दोन्ही बाजूंनी बोलू शकतोस, मला ते जमत नाही.

अक्का खूश आहे. तिला वाटतं माझी नजर परत आली. काठावरही तेच बोलतात. एवढी वर्षं खरं दाखवत आलो, त्यातून एकदा चुकलो तर सगळे हसले. आता जाणूनबुजून खोटं दाखवलं, तर माझ्या नजरेचे गोडवे गातात. हा मान घेऊ का टाकू, तेच कळेना. आणि टाकू म्हटलं तर खरं सांगावं लागेल.

जाळीवाल्यांना मी हो म्हणालोय. पण त्यांच्या होड्या निघाल्या की मागोमाग बर्फवाल्याचीही निघते. मी जागा दाखवली की ती त्यालाही दिसणार. नाही दाखवली, तर ज्यांची घरं माझ्या हाताकडे बघतायत, ते रिकामे जाणार. उद्या पहाटे निघायचंय. पाखरं तिकडेच असतील. ती खरी की खोटी ते मला ओळखता येईल, त्याची मला काळजी नाही. पण ओळखल्यावर मागे वळून मी काय सांगेन, ते मला या घटकेला ठाऊक नाही.

लोभ असू दे. बाकी कशाची खात्री नाही.

तुझे,
भावोजी